हंगामाआधी भरलेला वाटा

समुदाय-आधारित शेतीत शहरातली काही कुटुंबे आणि एक लहान शेत यांच्यात पेरणीपूर्वीच करार होतो. कुटुंबे हंगामाचे पैसे आगाऊ भरतात आणि शेतात जे निघेल त्याचा ठरलेला वाटा शेतकरी दर आठवड्याला त्यांना देतो. पीक साधले तर टोपली भरून येते, पावसाने दडी मारली तर हलकी येते. किलोचा भाव कुठेच लागत नाही. बियाणे, मजुरी, गाईचा चारा, पाण्याचे बिल आणि शेतकऱ्याचा घरखर्च मिळून वर्षाचा जो आकडा होतो, तो सभासदांत वाटला की वाट्याची रक्कम ठरते. शेतकऱ्याच्या स्वतःच्या राबण्याची मजुरी इथे हिशेबात सर्वांत आधी मांडली जाते. गुजरीत माल नेणाऱ्याला ती कधीच लावता येत नाही, आणि या पद्धतीचे मोठेपण त्यातच आहे.

जपानमध्ये 1971 साली सेंद्रिय शेती संघटना स्थापन झाली. कीटकनाशकांना आणि भेसळीला धास्तावलेल्या गृहिणींनी शेतकऱ्यांशी थेट जोडून घेतले, आणि ही पद्धत ‘तेइकेई’ नावाने रुजली. अमेरिकेत 1986 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील इंडियन लाइन आणि न्यू हॅम्पशायरमधील टेंपल-विल्टन ही दोन शेते अशा रीतीने सुरू झाली. टेंपल-विल्टनमध्ये वर्षाचा खर्च सभासदांपुढे ठेवत, प्रत्येक जण ऐपतीप्रमाणे आकडा सांगे आणि बेरीज जुळेपर्यंत बैठक चाले. मुंबईत शेतकरी आणि ग्राहकांच्या ‘मोफ्का’ या संघटनेने ‘हरीभरी टोकरी’ हा याच धर्तीचा उपक्रम चालवला. वार्षिक वाट्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. बलुतेदार सुगीला खळ्यावरून धान्य नेतच असत. पण तिथे कोणी द्यायचे आणि कोणी मागायचे हे जातीने ठरे. इथे दोन्ही बाजू दरवर्षी नव्याने आणि राजीखुशीने एकत्र येतात, म्हणून ही पद्धत बलुत्याच्या पंक्तीला बसवणे योग्य नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातले वर्धा नदीकाठचे बल्लारपूर या पद्धतीला पुष्कळ अनुकूल आहे. पेपर मिल आणि कोळसा खाणींवर वाढलेल्या या शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत सुमारे 89 हजार होती. इथे महिन्याच्या महिन्याला पगार घेणारी घरे आहेत आणि वस्ती ओलांडली की शेत लागते. विषमुक्त अन्नाची निकडही दूरची नाही. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. नैसर्गिक शेतीचे आज सर्वाधिक चालणारे सूत्रही विदर्भातलेच, अमरावती जिल्ह्यातील सुभाष पाळेकरांचे. त्यातले जीवामृत एकरासाठी असे होते: 200 लिटर पाणी, देशी गाईचे 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. ड्रम सावलीत ठेवून दिवसातून दोनदा काठीने ढवळायचा. दोन दिवसांत ते वापरायला तयार होते.

सगळी कसोटी मात्र पेरणीच्या वहीत लागते. समजा 40 कुटुंबे आहेत आणि प्रत्येकाला आठवड्याला साधारण 5 किलो भाजी द्यायची आहे. म्हणजे दर आठवड्याला 200 किलो, तीही पाच-सहा प्रकारांत. पालक महिन्याभरात कापणीला येतो आणि दोन-तीन कापण्यांनंतर निबर होतो. म्हणून एकच मोठा वाफा पेरून भागत नाही, दर आठ-दहा दिवसांनी एक लहान वाफा पेरावा लागतो. मेथी आणि सांबार (कोथिंबीर) यांचेही तेच. भेंडी दीड महिन्याने सुरू होते आणि मग एक दिवसाआड तोडावीच लागते. वांग्याचे रोप महिनाभर गादीवाफ्यावर, त्यानंतर फळाला दोन-सव्वादोन महिने. दिवाळीनंतरच्या टोपलीत वांगी हवीत तर बी पावसाळ्यातच टाकलेले असावे लागते. वहीत एक आठवडा चुकला की दीड महिन्यानंतर टोपलीत खड्डा पडतो आणि तोवर काही करता येत नाही. अडतीला माल देणारा शेतकरी एका पिकात पारंगत असला तरी चालते. इथे वीस पिकांची नाडी एकाच माणसाला कळावी लागते. हे कसब फार थोड्यांकडे असते आणि त्याची किंमत सभासदांना क्वचितच कळते.

टोपली भाजीवर अडून राहू नये म्हणून धान्याचा वाटा जोडणे या भागात सहज जमते. नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी 1983 मध्ये आपल्या धानाच्या बांदीत वेगळ्या दिसलेल्या लोंब्या जपल्या आणि त्यातून एचएमटी तांदूळ निघाला. तो घरोघरी पोचला, पण 2018 मध्ये वारलेल्या दादाजींचे आयुष्य हलाखीतच गेले. पिकवणारा आणि खाणारा यांची गाठ न पडल्याने काय होते, ते याहून स्पष्ट दिसणार नाही.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. खाणीतल्या कंत्राटी कामगाराला हंगामाचे पैसे एकरकमी भरता येत नाहीत. हप्ते किंवा ऐपतीप्रमाणे वाटा ठेवला नाही तर हे सुखवस्तू घरांपुरते राहते. श्रावणात लागोपाठ तिसऱ्या आठवड्यात दोडके आणि बरबटी आली की काही सभासद गळतात. मजुरांचा प्रश्न त्याहून अवघड. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मेमध्ये तेंदूपत्ता आणि जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी, या काळात भाजीच्या निंदणाला माणूस मिळत नाही. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 46 अंशांच्या वर जातो, तेव्हा पालेभाजी सावलीच्या जाळीखालीही तग धरत नाही. विहीर खोल गेली की टोपली बंदच ठेवावी लागते.

सर्वांत मोठी धास्ती जनावरांची. रानडुकरांचा कळप एका रात्रीत वाफे उकरतो, रोही (नीलगायी) उभे पीक खातात आणि वाघाच्या भीतीने रात्रीच्या जागलीला कोणी धजत नाही. कुंपणात चोरून सोडलेला वीजप्रवाह वाघांचाही जीव घेतो आणि माणसांचाही, तेव्हा तो मार्ग बंदच समजावा. सौर कुंपण उपयोगी पडते, पण त्याचा खर्च एकट्या लहान शेतकऱ्याला पेलत नाही. वनखात्याची भरपाई नुकसानीचा पंचनामा झाल्यावर मिळते, टोपली मात्र त्याच आठवड्यात द्यायची असते.

म्हणून बल्लारपूरच्या आसपास हे सुरू करू पाहणाऱ्याने 40 घरांच्या मागे लागू नये. ओळखीची 12 ते 15 घरे घ्यावीत. टोपली पावसाळ्यात सुरू करून होळीला थांबवावी आणि उन्हाळ्यात फक्त तांदूळ आणि डाळ द्यावी. कुंपणाचा खर्च पहिल्याच वर्षी वाट्यात धरावा, आणि डुकरे शिरली त्या आठवड्यात टोपली येणार नाही, हे पैसे घेतानाच पावतीवर लिहून द्यावे.