थंडीत गेटवरच्या कुंड्या

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत कारखान्याच्या गेटवर जास्वंद, कण्हेर, तगर, क्रोटन कुंडीतही बारमाही हिरवी राहतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं, सोलापुरात नाही. इथं थंडीत झाड मरतं ते बहुधा जास्त पाण्यानं. डिसेंबर-जानेवारीत वाढ मंदावते, मुळं पाणी कमी ओढतात. आपण मात्र उन्हाळ्यासारखंच रोज पाणी घालत राहतो आणि मुळं कुजतात. बोट दोन पेरं मातीत खुपसून पाहा. ओल लागली तर पाणी नको. घालायचंच तर सकाळी. कारखान्यातल्या यंत्रमागावरून उडालेले सुताचे तंतू पानांवर बसतात, ते ओल्या फडक्यानं पुसा. क्रोटन गारठ्यात काही पानं गाळतं. त्याची कुंडी दक्षिणेच्या उन्हाच्या भिंतीशी सरकवा. छाटणी आणि खत फेब्रुवारीपर्यंत थांबवा.