गिरणगावातल्या युनियनची भरती-ओहोटी

मुंबईत 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांतून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. पण सभासद, वर्गणी आणि गिरणी समित्या असलेली खरी मोठी युनियन उभी राहिली ती 1928च्या सहा महिन्यांच्या संपात. डांगे, जोगळेकर या कम्युनिस्ट नेत्यांच्या गिरणी कामगार युनियनकडे वर्षअखेरीपर्यंत पन्नास हजारांहून अधिक सभासद होते. तोवर नोकरी लावणारा आणि घालवणारा जॉबर हाच कामगाराचा मायबाप होता; त्याच्या सत्तेला युनियनने धक्का दिला.

पुढची गुंतागुंत कायद्याने केली. 1946च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार वाटाघाटीचा हक्क एकाच प्रातिनिधिक संघटनेला. तो काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला आणि कामगारांचं मन भलतीकडेच राहिलं. लोकप्रियता एकीकडे, मान्यता दुसरीकडे! हा तिढा समजला नाही तर कामगार नेते दत्ता सामंतांकडे लोक का धावले, ते कळत नाही.

18 जानेवारी 1982ला सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. मात्र दरम्यान कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणलं जात होतं आणि मालकांना जुन्या यंत्रांपेक्षा गिरण्यांखालची जमीन मोलाची वाटू लागली होती. बंद पडलेल्या गिरणीत संपाचं हत्यार चालत नाही. तरीही सामंत 1984मध्ये, काँग्रेसच्या लाटेतही, लोकसभेवर निवडून आले.