तिकडचा रंग, इकडची जात

अमेरिकेतल्या वर्णद्वेषावरची पुस्तकं वाचून आपण हळहळतो. पण तसलीच एक गोष्ट रत्नागिरीच्या बाजाराच्या वाटेवरही आहे. ती वाचलीय?

टोनी मॉरिसनची 'बिलव्हड' रविवारी रात्री संपवू नका. सोमवारी ऑफिसात लक्ष लागणार नाही! १९८७ सालची ही कादंबरी. गुलामीतून पळालेली सेथ. तिला परत न्यायला माणसं दारात येतात, तेव्हा मूल पुन्हा त्या नरकात जाऊ नये म्हणून ती स्वतःच्या हातांनी मुलीचा जीव घेते. मॉरिसनला हे सुचलं मार्गारेट गार्नर या गुलाम बाईच्या १८५६ मधल्या खऱ्या घटनेवरून. वाचताना आधी राग येतो. मग रडू येतं. आणि मग हळूच येते तिसरी भावना, सुटकेची. 'बाप रे, काय लोक असतील तिकडचे!' असं म्हणत आपण चहा टाकायला उठतो.

खरा घोळ या तिसऱ्या भावनेत आहे.

साल एक, पत्ते दोन

'बिलव्हड' सुरू होते १८७३ मध्ये, अमेरिकेतल्या सिनसिनाटीत. कायद्यानं गुलामी जाऊन आठ वर्षं झालीत, पण सेथच्या घरातून ती हलत नाही. आता योगायोग बघा. त्याच १८७३ मध्ये इकडे महात्मा फुल्यांचं 'गुलामगिरी' प्रसिद्ध झालं. जोतीरावांनी ते अर्पण केलं कोणाला? काळ्या गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या माणसांना! सातासमुद्रापारची ती बातमी त्यांना परकी वाटलीच नाही.

हा धागा पुढेही तुटला नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं. अस्पृश्य आणि अमेरिकेतले काळे यांची स्थिती किती सारखी आहे, हाच त्याचा विषय. उत्तरही आलं. १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार या तरुण लेखकांनी मुंबईत 'दलित पँथर' उभी केली. नाव घेतलं ते थेट अमेरिकेतल्या 'ब्लॅक पँथर'वरून. म्हणजे मराठीत ही पुस्तकं 'तिकडची' म्हणून कधी वाचलीच गेली नाहीत. निदान ज्यांना चटका बसला होता, त्यांनी तरी नाही.

नळ आणि तळं

अमेरिकेच्या दक्षिणेतले गोऱ्यांचे आणि काळ्यांचे वेगवेगळे पाण्याचे नळ तुम्ही फोटोत पाहिले असतील. १९६४ च्या सिव्हिल राइट्स ॲक्टनं सार्वजनिक जागांमधली ही वेगळी व्यवस्था बेकायदा ठरवली. आपल्याला त्यासाठी फोटो कशाला हवा? रत्नागिरीहून मुंबईला निघालं की वाटेत महाड लागतं. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्यासोबतचे लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यांना मारहाण झाली, आणि नंतर तळं 'शुद्ध' करून घेतलं गेलं.

आणि आता आपल्या गावची गोष्ट. उर्मिला पवारांचं 'आयदान', २००३ सालचं आत्मचरित्र. आयदान म्हणजे बांबूच्या टोपल्या-सुपं. रत्नागिरीजवळच्या गावात त्यांची आई ती विणायची, त्यावर घर चालायचं. डोक्यावर ओझी घेऊन डोंगर तुडवत रत्नागिरीच्या बाजाराला येणाऱ्या बायका या पुस्तकात भेटतात. आणि भेटते आयदानं पोचवायला गेलेली लहान मुलगी. ती पायरीशी उभी राहायची. घरातली माणसं टोपल्यांवर पाणी शिंपडून त्या आत घ्यायची आणि पैसे तिच्या हातावर वरून टाकायची, स्पर्श होऊ नये म्हणून.

सेथची गोष्ट वाचून रडू येतं. हे वाचून रडू येत नाही, मान खाली जाते. कारण तो बाजार आपला, ती पायरीही आपल्याच ओळखीची.

'वाडी कुठली?'

'जाऊ दे ना, जुनं झालं ते!' असं कुणी म्हणेलच. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला एका दलित कुटुंबातल्या चौघांना मारून टाकलं, तेव्हा आपल्या हातात मोबाइल होते. २५ मे २०२० रोजी मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला, तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जणांनी इन्स्टाग्रामवर काळा चौकोन टाकला. चांगलंच केलं. पण त्याच आठवड्यात कुणी भाड्याची खोली बघायला आलं असेल, तर त्याला काय विचारलं गेलं? 'आडनाव काय?' आणि आपल्या कोकणात तर त्याहून मऊ प्रश्न आहे : 'गाव कुठलं? हां... आणि वाडी कुठली?'

विचारणारा हसूनच विचारतो. उत्तर देणाऱ्याला मात्र नेमकं कळतं, की काय विचारलंय.

म्हणून एक साधा उपाय. 'बिलव्हड' घ्या, जरूर घ्या, पण तिच्या शेजारी 'आयदान' ठेवा. एक वाचून झालं की चहाला न उठता लगेच दुसरं उघडा. आणि पुढच्या वेळी कुणाची 'वाडी' विचारायची वेळ आली, तर त्याऐवजी 'चहा घेणार?' एवढंच विचारा.