मोटरसायकलचा हॉर्न मोठा करताना

१०० ते १२५ सीसीच्या मोटरसायकलला कारखान्यातून येणारा हॉर्न म्हणजे हेडलाइटखाली किंवा पुढच्या चाकामागे बसवलेली तळहातापेक्षा लहान चकती. गल्लीबोळात तेवढा आवाज पुरतो. नाशिकच्या द्वारका चौकात मात्र तो विरून जातो. मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे महामार्ग तिथे मिळतात. वर उड्डाणपूल, खाली ट्रक, एसटी आणि रिक्षांची गर्दी. काचा चढवून एसी लावलेल्या मोटारीत दुचाकीचा हॉर्न जेमतेम पोहोचतो. पिंपळगाव बसवंतच्या बाजारसमितीकडे कांद्याची ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर गाणी मोठ्याने लावलेली असली, तर मागून येणाऱ्याचा हॉर्न चालकाला ऐकूच जात नाही. नांदुरीहून सप्तशृंगगडावर चढताना आंधळ्या वळणांवर समोरच्याला आधी कळवण्याचे साधनही हेच. त्यामुळे हॉर्न बदलून मोठा बसवावा, असे दुचाकीस्वाराला वाटते, यात गैर काही नाही. प्रश्न कोणता बसवावा आणि कसा, हा आहे.

हॉर्नची रचना साधी आहे. डबीच्या आत तांब्याच्या तारेचे गुंडाळे, त्याच्यासमोर पोलादी पडदा आणि बाजूला उघडझाप करणारे दोन पॉइंट. बटण दाबले की गुंडाळ्यात वीज जाते, त्याचे चुंबक होते आणि पडदा आत ओढला जातो. पडदा आत आला की पॉइंट उघडतात, वीज तुटते आणि पडदा उसळून मागे जातो. पॉइंट पुन्हा जुळतात. ही उघडझाप सेकंदाला ३०० ते ५०० वेळा होते आणि तोच हॉर्नचा स्वर. त्या पॉइंटांवर गंज चढला, चिखल आत गेला किंवा बॅटरीतून पुरेसे व्होल्ट आले नाहीत, तर आवाज घोगरा होतो किंवा नुसता ‘टिक’ होऊन थांबतो. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात रोज फिरणाऱ्या गाडीचा हॉर्न दोन-तीन पावसाळ्यांत बसतो, तो यामुळेच.

म्हणून नवीन हॉर्न घेण्याआधी जुना तपासणे शहाणपणाचे. जाणता मिस्त्री हॉर्नच्या दोन्ही वायरी काढतो आणि वायरीचे दोन तुकडे घेऊन तो थेट बॅटरीला जोडून पाहतो. हॉर्न खणखणीत वाजला तर दोष हॉर्नमध्ये नाही. तो हँडलवरच्या बटणात, गंजलेल्या कनेक्टरमध्ये किंवा ढिल्या अर्थिंगमध्ये आहे. बटण खोलून कॉन्टॅक्ट बारीक सँडपेपरने घासले, कनेक्टर साफ केले की काम होते. थेट जोडूनही आवाज दबकाच आला तर हॉर्नच्या पाठीवरचा लहान स्क्रू, हॉर्न वाजता ठेवून, अगदी थोडा थोडा फिरवावा. पाव फेऱ्यातच आवाज कुठे उघडतो आणि कुठे बंद पडतो ते कळते. जास्त पिळला तर पॉइंट चिकटतात आणि गुंडाळे जळते. मोठा हॉर्न हवा म्हणून गॅरेजमध्ये आलेल्या अनेक गाड्यांचे दुखणे एवढ्यावरच बरे होण्यासारखे असते.

तरीही बदलायचाच ठरला तर बाजारात तीन जाती दिसतात. पहिली, मोठ्या चकतीचा हॉर्न. याचा आवाज तीक्ष्ण असतो. माणसाच्या कानाला चटकन टोचणाऱ्या उंच पट्टीतल्या लहरी त्यात जास्त असतात, म्हणून रहदारीच्या घरघरीतून तो वेगळा ऐकू येतो. दुसरी, शंखासारखी वळणदार नळी असलेला विंडटोन हॉर्न. त्याचा स्वर गोल आणि मोटारीसारखा. समोरच्याला मागे चारचाकी आहे असे वाटते आणि तो बाजू देतो. कोइम्बतूरच्या रूट्स कंपनीचे आणि १८९९ साली जर्मनीत लिपस्टाट येथे स्थापन झालेल्या हेलाचे असे हॉर्न भारतात सर्वपरिचित आहेत. तिसरी जात म्हणजे कॉम्प्रेसरवर चालणारा प्रेशर हॉर्न आणि एकामागून एक सूर काढणारा म्युझिकल हॉर्न. ही तिसरी जात दुचाकीवर बसवूच नये. त्याची कारणे विजेचीही आहेत आणि कायद्याचीही.

डबल हॉर्न लावला की आवाज दुप्पट होतो, हा समज मात्र काढून टाकायला हवा. आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि ते माप सरळ बेरजेचे नाही. एकसारखे दोन हॉर्न एकत्र वाजवले तर फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबलची वाढ लागते. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल गळतात. डबल हॉर्नचा खरा फायदा वेगळाच आहे. जोडीतला एक खर्जाचा, साधारण ३०० ते ३५० हर्ट्झचा आणि दुसरा वरच्या पट्टीचा, ४०० हर्ट्झच्या आसपासचा असतो. दोन स्वर मिळून भरीव आवाज होतो आणि तो गोंगाटात ओळखू येतो. हॉर्नचे तोंड पुढे ठेवणे, त्यापुढे लेगगार्डची पट्टी किंवा मडगार्ड न येऊ देणे आणि त्याला थोडा खाली कलता ठेवून पाणी साचू न देणे, याने जितका फरक पडतो तितका किमतीने पडत नाही. हॉर्न त्याच्यासोबत आलेल्या पोलादी पट्टीवरच बसवावा. ती पट्टी थोडी हलती ठेवलेली असते. हॉर्न थेट चासीला घट्ट आवळला तर पडद्याची थरथर दबते आणि महागडा हॉर्नही बोबडा बोलतो.

सगळ्यात जास्त चुका वायरिंगमध्ये होतात. मूळ हॉर्न साधारण दोन-तीन अँपिअर वीज घेतो आणि हँडलवरचे बटण, त्याची बारीक वायर त्याच हिशेबाने दिलेली असते. मोठ्या हॉर्नची जोडी दहा अँपिअरच्या आसपास ओढते. ती जुन्याच वायरींना जोडली तर आवाज तर वाढत नाहीच, वर बटण जळते किंवा फ्यूज उडतो. त्यासाठी मध्ये रिले लागतो. चार पायांच्या या डबीवर ८५, ८६, ३० आणि ८७ असे आकडे कोरलेले असतात. जुन्या हॉर्नच्या दोन्ही वायरी ८५ आणि ८६ला येतात. बॅटरीच्या प्लसवरून १५ अँपिअरचा फ्यूज घालून जाड वायर ३०ला येते, ८७वरून ती नव्या हॉर्नांकडे जाते आणि हॉर्नांची मायनस वायर चासीला किंवा बॅटरीला. आता बटणातून फक्त रिले ओढण्यापुरती वीज वाहते. मोठा भार बॅटरीतून थेट हॉर्नकडे जातो. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. तो वाचवण्यात काही रुपये वाचतील, पण टाकीखाली घासून सोललेली वायर चासीला टेकली तर आग लागू शकते. कंपनीची वायर कापून सांधे मारण्याऐवजी कनेक्टर वापरावेत, म्हणजे वॉरंटीचा वादही टळतो.

गाडीची बॅटरी केवढी आहे, हेही पाहावे. रोजच्या वापराच्या लहान गाड्यांत ती तीन ते पाच अँपिअर-अवरची असते. अशा गाडीला चांगल्या चकतीचा एकच हॉर्न योग्य. जोडी शोभते ती मोठ्या बॅटरीच्या, महामार्गावर चालणाऱ्या गाड्यांना.

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ११९वा नियम सांगतो, की हॉर्न आयएस १८८४ या भारतीय मानकाला धरून असावा. एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा किंवा अवाजवी कर्कश, दचकवणारा आवाज करणारा हॉर्न लावता येत नाही. दोन स्वर एकदमच वाजणारी जोडी मोटारींना कारखान्यातूनच येते, ती या मनाईत बसत नाही. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १९४-फ विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवण्याला पहिल्या वेळी १,००० आणि नंतर २,००० रुपये दंड ठरवते. रुग्णालये, शाळा-महाविद्यालये आणि न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. तिथे हॉर्नला बंदी असते. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतही आणीबाणीखेरीज हॉर्न वाजवता येत नाही. गंगापूर रोडच्या सोसायट्यांतून रात्री घरी परतणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते.

महाराष्ट्राने २०१५ साली व्यावसायिक वाहनांच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यास मनाई केली, कारण ते शब्द मागच्याला हॉर्न वाजवण्याचे आमंत्रणच देत होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये नाशिकमध्येच महामार्गाच्या एका कार्यक्रमात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी हॉर्नमध्ये फक्त बासरी, तबला, व्हायोलिन, हार्मोनियम अशा वाद्यांचे आवाज असावेत, असा कायदा करण्याचा विचार बोलून दाखवला. रुग्णवाहिकेच्या सायरनऐवजी आकाशवाणीची धून असावी, असेही ते म्हणाले. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी हॉर्नविषयीचा विचार पुन्हा मांडला. हेतू चांगला आहे. पण हॉर्नचे पहिले काम धोका कळवणे हे आहे आणि त्यासाठी सर्वांना एकाच क्षणी ओळखता येणारा ठरावीक स्वर लागतो. वाद्यांच्या विविधतेत तेच हरवण्याची भीती आहे.

हॉर्न बदलणाऱ्याने काढलेला मूळ हॉर्न आणि त्याची पट्टी फेकू नये. दोन्ही कोरड्या पिशवीत घालून घरी ठेवावीत. नवा हॉर्न बंद पडला तर जुन्या वायरींना तोच जोडता येतो; आणि गाडीला १५ वर्षे झाल्यावर पुनर्नोंदणीसाठी पेठ रोडवरच्या आरटीओ कार्यालयात तपासणीला नेताना मूळ हॉर्न बसवलेला असणे केव्हाही सोयीचे.