लाइव्ह म्युझिकचा व्यवसाय: जागा भाड्याने घेण्याआधी हा हिशोब करा



"मुंबईत लाइव्ह म्युझिकचा कॅफे टाकायचाय, भांडवल किती लागेल?" हा प्रश्न मनात असेल, तर आधी दुसरा प्रश्न विचारा. मंगळवारी रात्री किती लोक येतील? शनिवारी कुणीही हॉल भरेल. पण कार्यक्रम दोन तासांचा असतो आणि भाडं महिनाभराचं. शिवाय आज रिकामी राहिलेली खुर्ची उद्या विकता येत नाही.

एक उदाहरण बघा. लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये २००७ साली 'ब्लू फ्रॉग' सुरू झालं. देशोदेशीचे कलाकार तिथे वाजवून गेले. तिथे नुसता मंच नव्हता. रेस्टॉरंट, बार आणि रेकॉर्डिंग स्टुडिओसुद्धा होता. म्हणजे कमाईचा भार एकट्या तिकिटावर नव्हता. तरीही २०१६ मध्ये ते बंद झालं. नाव मोठं झालं म्हणजे जागा टिकतेच, असं नाही.

मग छोट्या माणसाने काय करायचं? सुरुवातीला स्वतःची जागा घेऊच नका. एखाद्या चालू कॅफेचा मंदीचा वार गाठा. मालकाला सांगा, "गिऱ्हाईक मी आणतो, तिकीट माझं, खाण्याच्या बिलात मला २० टक्के द्या."

आता आकडे मांडूया. हे फक्त समजण्यासाठी आहेत, तुमच्या भागातले दर तुम्ही घाला.

खर्च: दोन कलाकार ८,००० रुपये, साउंड ५,०००, परवाने आणि जाहिरात ३,०००. एकूण १६,०००.

कमाई: तिकीट ३०० रुपये. माणशी खाणं ४०० चं धरलं, तर त्यातला तुमचा वाटा ८०. म्हणजे एका माणसामागे ३८० रुपये.

१६,००० भागिले ३८० केलं की कळतं, ४३ माणसं आली तरच खर्च निघतो. ४० आली तर ८०० रुपयांचा तोटा, ५० आली तर ३,००० चा नफा. बघा, दहा खुर्च्यांनी किती फरक पडतो!

आता कागदपत्रं. दुसऱ्यांची गाणी सादर करणार असाल तर गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी आयपीआरएसचा परवाना बघावा लागतो. मधल्या वेळेत रेकॉर्ड केलेली गाणी लावलीत, तर त्या रेकॉर्डिंगचे हक्क वेगळे. त्यासाठी पीपीएलसारख्या संस्था आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर चालत नाही. बंद हॉल असला तरी आवाज शेजारी जातो का, ते स्वतः बाहेर उभं राहून ऐका. आणि जीएसटीत ५०० रुपयांपर्यंतच्या संगीत कार्यक्रमाच्या तिकिटाला सूट आहे; तुमच्या बाबतीत ती कशी लागू होते, हे सीएकडून पक्कं करून घ्या.

कलाकाराचे पैसे मात्र त्याच रात्री द्या. या धंद्यात शब्द लवकर पसरतो, चांगलाही आणि वाईटही.

या आठवड्याचं काम: जवळच्या तीन कॅफेंमध्ये मंगळवारी रात्री ८ वाजता जा आणि रिकाम्या खुर्च्या मोजा. असे चार कार्यक्रम ओळीने खर्च काढून गेले, की मग भाड्याच्या जागेचं बोलू.