सरासरी आकार कोणाचा?

मागच्या व्याख्यानात आपण ‘मोजणं म्हणजे काय’ हा प्रश्न घेतला होता. आज त्याचंच एक उदाहरण वैद्यकातून घेऊ.

आमच्या एका समवयस्क मित्राने विसराळूपणा वाढला म्हणून मेंदूचा एमआरआय काढला. रिपोर्टात एक ओळ होती : हिप्पोकॅम्पस अपेक्षेपेक्षा लहान. त्या एका ओळीने त्यांची दोन रात्री झोप उडाली. तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हांला चिडून विचारलं, “अपेक्षा कोणाची?” प्रश्न रागाचा होता, पण नेमका होता. आज आपण त्याचंच उत्तर शोधू.

हिप्पोकॅम्पस हा मेंदूत आत, दोन्ही बाजूंना असलेला छोटा वळणदार भाग. समुद्रघोड्यासारखा दिसतो, म्हणून हे ग्रीक नाव पडलं. नव्या आठवणी साठवण्यात त्याचा मोठा वाटा असतो आणि अल्झायमरमध्ये तो लवकर झिजू लागतो. म्हणून डॉक्टर त्याच्याकडे बारकाईने पाहतात.

आता ‘आकार’ या शब्दाकडे वळू. मराठीत आपण तो लहान-मोठेपणासाठीही वापरतो. इथे तसं नाही. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड केंडल यांनी आकाराची जी व्याख्या केली ती अशी : वस्तू कुठे आहे, कशी वळलेली आहे आणि किती मोठी आहे, या तिन्ही गोष्टी वजा केल्यावर जे उरतं तो आकार. मोदक ताटात कुठेही ठेवा, फिरवा, लहान करा. तो मोदकच दिसतो. दोन हिप्पोकॅम्पसचं घनफळ सारखं असूनही एक टोकाशी झिजलेला असू शकतो. घनफळाच्या आकड्यात ते दिसत नाही, आकारात दिसतं.

संगणक हे काम साधारण चार पायऱ्यांनी करतो. आधी प्रतिमेत त्या अवयवाची कड आखायची. मग कडेवर बिंदू घ्यायचे. तिसऱ्या पायरीत सगळे नमुने सरकवून, फिरवून, लहान-मोठे करून एकमेकांवर बसवायचे. शेवटी सरासरी आकार काढायचा आणि त्यापासून लोक कोणकोणत्या दिशांनी वेगळे असतात ते मोजायचं. 1990च्या दशकात मँचेस्टरमध्ये टिम कूट्स आणि ख्रिस टेलर यांनी या कल्पनेवर उभारलेली पद्धत पुढे खूप वापरली गेली.

यातली दुसरी पायरी दिसते तितकी सोपी नाही. माझ्या नाकाचा शेंडा आणि तुमच्या नाकाचा शेंडा यांची जोडी कोणीही लावेल. पण हिप्पोकॅम्पसचा पृष्ठभाग गुळगुळीत. त्यावरचा माझा कोणता बिंदू तुमच्या कोणत्या बिंदूशी ‘तोच’ आहे? हे शरीर सांगत नाही. माणसाने केलेला नियम सांगतो. तिसऱ्या पायरीचं नावही ऐकण्यासारखं आहे : प्रोक्रस्टीझ. ग्रीक कथेतला हा दरोडेखोर पाहुण्यांना आपल्या पलंगाच्या मापाचं करण्यासाठी ताणायचा किंवा त्यांचे पाय कापायचा. संगणक इतका क्रूर नाही. पण पलंग कोणाच्या मापाचा, हा प्रश्न उरतोच.

तर पलंग कोणाचा? 1988 साली प्रसिद्ध झालेला तालेराक आणि तूर्नू यांचा मेंदूचा नकाशा जगभर वापरला गेला. तो एकाच स्त्रीच्या, साठीतल्या एका फ्रेंच बाईंच्या, मेंदूवर आधारलेला होता. पुढे माँट्रियलमध्ये शेकडो तरुणांच्या मेंदूंची सरासरी काढली गेली. एकाऐवजी अनेक आले, हे बरंच झालं. पण त्या सरासरीत मेंदूच्या घड्या पुसट झाल्या, कारण घड्या प्रत्येकाच्या वेगळ्या. म्हणजे तो मेंदू प्रत्यक्षात कोणाचाच नाही. 2019 साली हैदराबादच्या ट्रिपल आयटीतल्या संशोधकांनी 100 भारतीयांचा नकाशा मांडला, तेव्हा आपला सरासरी मेंदू पाश्चात्त्य सरासरीपेक्षा लहान निघाला. यात आजार काहीच नाही. मात्र पलंग बदलला की ‘लहान’चा अर्थही बदलतो. आणि ती माणसंही तरुणच होती. पंचाहत्तरीच्या माणसाला ते माप कसं लावायचं?

इथे आम्हां तत्त्वज्ञानवाल्यांना एक शब्द खटकतो : ‘सामान्य’. न्याय-वैशेषिकांत ‘सामान्य’ म्हणजे अनेकांत एकच असणारं तत्त्व. सगळ्या गायींतलं गोत्व. संख्याशास्त्रात तो सरासरीजवळचा. आणि दवाखान्यात ‘सामान्य’ म्हणजे निरोगी. तीन अर्थ, शब्द एक. आपण नकळत एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो : सरासरीपासून दूर, म्हणजे आजारी. गणित एवढंच सांगतं की हा आकार या गटात किती विरळा आहे. विरळा आणि आजारी यांच्यातलं अंतर डॉक्टरांनाच कापावं लागतं : स्मरणाच्या चाचण्या, वय, घरच्यांचं निरीक्षण हे सगळं धरून.

यावरून ही तंत्रं कुचकामी आहेत असं कोणी समजू नये. डोळ्यांना न दिसणारी झीज ती दाखवतात. त्यातही एक माप फार उपयोगाचं आहे : माणसाची तुलना त्याच्या स्वतःच्याच जुन्या प्रतिमेशी करणं. तिथे पलंग दुसऱ्या कोणाचा नसतो. आमच्या मित्रालाही डॉक्टरांनी तेच सुचवलं : वर्षभराने पुन्हा काढा, मग बोलू.

तोवर त्यांनी रिपोर्ट कपाटात ठेवला आहे. कुठे ठेवला ते अजून आठवतं, असं ते हसून सांगतात.

पुढच्या वेळी ‘विरळा’ म्हणजे नेमकं किती विरळा, म्हणजेच संभाव्यता, हा विषय घेऊ.