गोगलगाईचा भाला

उदगीरहून जवळात जवळचा समुद्र ४०० किलोमीटरवर. तरी आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या कपाटात शंखशिंपल्यांचा डबा आहेच. कोणी रामेश्वरहून आणलेले, कोणी गणपतीपुळ्याहून. परवा तो पालथा केला तेव्हा आइस्क्रीमच्या कोनासारखा एक नक्षीदार शंख निघाला. हा 'कोनस' या समुद्री गोगलगाईचा. रिकामा शंख खुशाल हाताळावा. आत प्राणी जिवंत असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

कोनसच्या ७०० हून अधिक जाती आहेत आणि सगळ्या शिकारी. बहुतेक जाती समुद्री कृमी खातात, काही इतर गोगलगाई, तर काही चक्क मासे! गोगलगाय माशाच्या मागे धावणार कशी? आणि विष टोचल्यावर मासा दूर जाऊन मेला, तर तो दुसऱ्याच्याच पोटात जायचा. म्हणजे तो जागच्या जागी लुळा पडायला हवा. कोनसचे विष एवढे जहाल का, याचे उत्तर तिच्या संथपणात आहे.

आपल्या बागेतली गोगलगाय पाने खाते ती कानशीसारख्या बारीक दातांनी. कोनसमध्ये याच दातांचे पोकळ, टोकदार भाले झाले आहेत. सोंडेतून भाला सुटतो आणि त्यातून विष शिरते. एक भाला एकदाच. पुढच्या वेळी नवा. 'कोनस जिऑग्राफस' तर माशाची साखर उतरवणारे इन्सुलिनही वापरते, हे २०१५ साली उघड झाले.

विषातले घटक ठरावीक मज्जातंतूंचे संदेश नेमके अडवतात. 'कोनस मॅगस'च्या विषातल्या अशाच एका घटकावरून बनवलेल्या झिकोनोटाइड या वेदनाशामकाला अमेरिकेत २००४ साली मंजुरी मिळाली. ते थेट पाठीच्या कण्यातल्या द्रवात सोडावे लागते.

माणसेही दगावली आहेत. श्वासाचे स्नायू लुळे पडतात. सापाच्या विषावर प्रतिविष आहे, यावर नाही. विष ओसरेपर्यंत कृत्रिम श्वास चालू ठेवणे एवढेच हाती असते. मन्नारचे आखात, लक्षद्वीप, अंदमान इथे कोनस आढळतात. तेव्हा सहलीला निघण्यापूर्वी मुलांना डब्यातला शंख जरूर दाखवावा. रुंद टोकाला धरले की धोका नाही, असे काहीजण सांगतात. ते खरे नाही. सोंड वळून तिथवर पोचू शकते.